कांजिण्या कोणी आणल्या

शाळा उघडायच्या आधीचे दोन आठवडे बुटांच्या दुकानात मान वर करायला फुरसत नसते. लहान मुलांचा कोपरा माझ्याकडे. दिवसभर बुटक्या स्टुलावर बसायचं, समोरच्या पोराचा पाय मापाच्या पाटावर ठेवायचा आणि अंगठा सरळ आहे की मुद्दाम आखडलाय ते बघायचं. मुलं अंगठे आखडतात आणि त्यांच्या आया थापा मारतात. "गेल्याच महिन्यात घेतला हो हा बूट," म्हणत वर्षभर घासलेला तळ पुढे करतात. बारा वर्षं त्या स्टुलावर काढल्यावर समोरचा माणूस कितपत खरं बोलतोय ते मला त्याच्या मोज्यावरून कळतं, असं मी नवऱ्याला ऐकवायचे. तो हसायचा.

त्या दिवशी आलेली एक बाई मला दारातच खटकली. एवढ्या उकाड्यात मुलीला लांब बाह्यांचा झगा आणि गुडघ्यापर्यंत मोजे. मी मोजा काढायला हात घातला तर म्हणाली, "राहू द्या ना, वरूनच घ्या माप."

"वरून चुकतं," मी म्हटलं आणि मोजा ओढला.

घोट्यावर पाण्याच्या थेंबांसारखे फोड. चार-पाच ताजे, दोन फुटलेले.

"डास चावलेत," बाई म्हणाली. मी काही विचारलंही नव्हतं.

"डोक्यात पण चावलेत," मुलगी उत्साहाने म्हणाली, "आणि तोंडाच्या आत पण."

बाईने बूट न घेताच तिला काखोटीला मारलं आणि ती चालती झाली. मी आत जाऊन तीन वेळा कोपरापर्यंत हात धुतले. मला चौथा महिना चालू होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही दोघं डॉक्टरीणबाईंसमोर बसलो होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्हाला कांजिण्या येऊन गेल्यात?"

"नाही."

"नक्की?"

"अगदी नक्की. आमच्या घरात त्याची कहाणीच आहे."

कहाणी अशी. मी पाच वर्षांची होते आणि माझा धाकटा भाऊ, छोटू, दीड वर्षाचा. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो. तळमजल्यावर एक शिंपीणकाकू आणि त्यांचा मुलगा. त्या मुलाला कांजिण्या आल्या होत्या, तरी काकूंनी त्याला खुशाल आमच्या घरी खेळायला पाठवलं. आईने त्याच्या अंगावरचे फोड बघितले आणि त्याच दिवशी मला उचलून मावशीकडे नेऊन ठेवलं. मी वाचले. छोटूला कांजिण्या झाल्या. तशा त्या हलक्याच होत्या, आठ दिवसांत बऱ्या झाल्या. पण तीन महिन्यांनी एका सकाळी त्याचा उजवा हात उचलेना आणि उजवा पाय फरफटायला लागला. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, क्वचित होतं असं, कांजिण्यांनंतर मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी सुजते. पाय पुढे बराच सुधारला. हात सुधारला नाही. आज तो सत्तावीस वर्षांचा आहे, थिएटरच्या दारात उभा राहून डाव्या हाताने आणि दातांनी तिकिटं फाडतो, आणि प्रेक्षकांना ती त्याची स्टाइल वाटते.

शिंपीणकाकूंशी आमच्या घराने बोलणं टाकलं. बिल्डिंगमधल्या बायकांनीही त्यांच्याकडे कपडे टाकणं बंद केलं. जिन्यात त्या समोर आल्या की आम्ही भिंतीकडे बघत वर चढायचो. हे सगळं मी पाठ केल्यासारखं डॉक्टरीणबाईंना सांगितलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "तरी रक्त बघू. येऊन गेल्या असतील तर काळजी नाही, शरीराला तो विषाणू ओळखता येतो. नसतील येऊन गेल्या तर एक इंजेक्शन देऊ. बाहेरून तयार संरक्षण. पण ते लवकर द्यावं लागतं. या महिन्यांत कांजिण्या झाल्या तर तुम्हालाही त्रास आणि बाळालाही धोका. धोका थोडा आहे, पण आहे."

घरी येऊन मी आईला फोन केला. मी शिंकले तरी माझी आई अख्खं घर डोक्यावर घेते. म्हणून मी जरा बेताबेताने सांगितलं. मग ती म्हणाली, "काही होत नाही तुला."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही होत. उगाच रक्तबिक्त काढत बसू नकोस. अशक्तपणा येतो."

"आई, दोन चमचे रक्त काढतात."

"जुनं पण कळतं का त्यात?" तिने विचारलं.

"जुनं म्हणजे काय?"

"काही नाही. दूध उतू जातंय," म्हणून तिने फोन ठेवला.

मुलगी कोणाची, किती फोड होते, मी हात लावला का, तिने एकही प्रश्न विचारला नव्हता.

रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला येऊन गेल्यात."

"शक्यच नाही. नळ्या बदलल्या असतील."

माझा लॅबवर अजिबात विश्वास बसेना. रक्त काढणारा पोरगा फोनवर बोलत चिठ्ठ्या चिकटवत होता, हे मी स्वतः बघितलं होतं. मी हट्टच धरला. दुसऱ्यांदा रक्त देताना नळीवरची चिठ्ठी मी माझ्या हाताने लिहिली, माझ्यासमोर चिकटवायला लावली आणि नळी पेटीत जाईपर्यंत तिथून हलले नाही. नवरा कोपऱ्यात तोंड लपवून उभा होता. रिपोर्ट तोच आला.

"हे बघा," डॉक्टरीणबाईंनी कागदावर दोन रेघा काढून दाखवल्या. "नवीन विषाणू अंगात आला की शरीराला त्याच्याविरुद्धच्या अँटिबॉडी घडवायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तेवढ्यात माणूस आजारी पडतो. एक प्रकार ताज्या आजारात दिसतो, मग विरून जातो. तो तुमच्यात नाही. दुसरा वर्षानुवर्षं राहतो. तो भरपूर आहे. आणि त्या घडवणाऱ्या काही पेशी आठवण धरून बसलेल्या असतात. तोच विषाणू परत आला की त्या लगेच कामाला लागतात, बहुतेक वेळा आपल्याला पत्ताही लागत नाही. लस घेतली होती का कधी?"

"आमच्या लहानपणी ही लस होतीच कुठे?"

"मग आजारच येऊन गेलाय. काही मुलांना इतका हलका येतो की घरच्यांच्याही लक्षात येत नाही. चांगलीच बातमी आहे, चेहरा असा का केलाय? हेच संरक्षण बाळालाही मिळेल. जन्मल्यावर काही महिने पुरेल. मग ते वर्षाचं झालं की त्याला लस देऊ."

घरच्यांच्याही लक्षात येत नाही. हे वाक्य मी घट्ट धरून ठेवलं. बसमध्ये बसेपर्यंत ते टिकलं. मग 'जुनं पण कळतं का' आठवलं आणि सुटलं.

त्या रात्री मावशीचं घर आठवत पडले. मावशी जाऊन आता बरीच वर्षं झाली होती, तिला विचारायची सोय नव्हती. पण तिने माझी नखं अगदी मुळापासून कापली होती ते आठवलं. झोपताना ती माझ्या हातांत काकांचे मोजे घालून मनगटाला नाडी बांधायची, तेही आठवलं. मोठेपणी मी आईला विचारलं होतं, असं का करायची मावशी? आई म्हणाली होती, "नखं खायचीस ना."

मी नवऱ्याला हलवलं. "मी नखं खाते का रे?"

"नाही," तो झोपेत म्हणाला.

"कधी खाल्ली असतील असं वाटतं?"

"तू काहीच न तपासता तोंडात घालत नाहीस," तो म्हणाला आणि कूस बदलून घोरायला लागला.

दोन दिवसांनी, आई बाहेर गेलेली असेल अशी वेळ बघून, मी दोन झगे घेऊन माहेरच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर गेले. दार उघडंच होतं. काकू मशीनवर वाकल्या होत्या. केस पूर्ण पांढरे, गळ्यात टेप. सव्वीस वर्षांत मी पहिल्यांदाच त्यांच्या तोंडाकडे नीट बघत होते.

"हे कमरेत सैल करायचे होते," मी म्हटलं.

त्यांनी झगे बघितले, मला बघितलं, माझं पोट बघितलं. "तुमच्या भागात टेलर नाहीत का?"

"आहेत."

"मग कोणी पाठवलं तुला?"

"कोणी नाही."

"तुमच्या घरातून कोणी खाली येत नाही. काय हवंय ते सरळ बोल."

मी सरळ बोलले. दुकान, मुलगी, फोड, दोन्ही रिपोर्ट. काकूंनी मशीनचं चाक हाताने थांबवून धरलं होतं. माझं बोलणं संपलं तरी सोडलं नाही.

"आईला विचार," त्या म्हणाल्या.

"तिला विचारलं की दूध उतू जातं."

काकूंना हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही. "माझा पोरगा तुमचा जिना चढला नव्हता," त्या म्हणाल्या. "त्याला ताप होता, चढेल कसा? तुझी आई तुला घेऊन खाली आली. दोन दुपारी. तुला त्याच्या गादीवर बसवलं. एकाच पेल्यातून पाणी दिलं. लहानपणी येऊन गेलेल्या बऱ्या, म्हणाली. मी म्हटलं, अगं, घरात दीड वर्षाचं पोर आहे, थांब जरा. तर म्हणाली, त्याला लांब ठेवीन."

"तुम्ही हे कोणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की. बिल्डिंगमधल्या दोघींना सांगितलं. त्या वर जाऊन तुझ्या आईला विचारून आल्या. ती रडली. लुळ्या पोराला मांडीवर घेऊन रडणाऱ्या बाईपुढे माझं काय चालणार? मग मीही तोंड मिटलं." त्यांनी टेप काढला. "उभी राहा. आलीच आहेस तर माप देऊन जा."

मला काकूंवरही पटकन विश्वास ठेवायचा नव्हता. इतक्या वर्षांचा राग असलेली बाई, ती का नाही खोटं बोलणार? असं घोकत मी दोन जिने चढले. आई परत आली होती. छोटूच्या शर्टाला इस्त्री करत होती. त्याला एका हाताने लावता यावीत म्हणून ती त्याच्या सगळ्या शर्टांना बटणांच्या जागी दाबून लागणारी चापबटणं लावते.

मी बसलेही नाही. "आई, मला फोड किती आले होते?"

इस्त्री थांबली.

"शिंपिणीकडे गेली होतीस?"

"आधी उत्तर दे."

"सात," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "आठ. एक कानामागे होता."

शर्ट जळायला लागला होता. मी पुढे होऊन इस्त्रीचं बटण बंद केलं. आई खुर्चीत बसली आणि बोलायला लागली, माझ्याकडे न बघता. मावशीला लहानपणी कांजिण्या आल्या नव्हत्या. तिला त्या पोटुशी असताना आल्या, आणि पाचव्या महिन्यात तिचं बाळ गेलं. आई तेव्हा दवाखान्यात तिच्याजवळ होती.

"मी बघितलं ते बाळ," आई म्हणाली. "तेव्हाच ठरवलं, माझ्या पोरीवर ही वेळ येऊ द्यायची नाही. खाली त्या मुलाला आल्या तेव्हा मला वाटलं, बरी संधी आहे. तुला फोड दिसला की लगेच मावशीकडे पोचवायचं, तिला आता भीती नव्हती. छोटूला वारा लागू द्यायचा नाही. दोन आठवडे मी रोज तुझं अंग तपासत होते. पहिला फोड दिसला त्या दुपारी तुला घेऊन गेले."

"मग त्याला कशा झाल्या?"

"फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीच लागण सुरू होते म्हणे. मला काय माहीत? ते दोन दिवस तू त्याच्या शेजारीच झोपत होतीस."

मी मनात ते दिवस मोजून बघितले.

"त्याचा हात गेला तेव्हा तुझे बाबा वेड्यासारखे झाले होते," आई म्हणाली. "कोणी आणल्या, कोणी आणल्या, एवढंच विचारायचे. माझ्या तोंडून शिंपिणीचं नाव निघून गेलं. एकदा निघालं ते निघालं. मग ते तिला शिव्या द्यायला खाली गेले, मग बिल्डिंगभर झालं. तुझे बाबा वारले तरी मला ते परत घेता आलं नाही. आणि तू मोठी झाल्यावर काय म्हणाली असतीस? माझ्यामुळे भावाचा हात गेला?"

"हे माझ्यासाठी केलंस असं सांगू नकोस."

"थोडं तुझ्यासाठी होतं," ती म्हणाली. मग तिने जळलेला शर्ट उचलून बघितला. "जास्त माझ्यासाठी."

मला तिचा राग आला होता, आणि माझा हात आपोआप पोटावर गेला होता. त्या दोन दुपारी तिने मला खाली नेलं नसतं तर हे बाळ आज उघड्यावर असतं, आणि छोटूचा हात चांगला असता. मी कितीही वेळा मांडून बघितलं तरी ते एका बाजूला नीट बसेना.

छोटूला सांगायचं की नाही यावर आमचं एकमत व्हायच्या आतच तो जेवायला आला. दुपारच्या आणि संध्याकाळच्या खेळांच्या मध्ये त्याला तासभर सुट्टी असते.

"काय चाललंय?" त्याने विचारलं.

"काही नाही," आम्ही दोघी म्हणालो.

"एका सुरात बोललात म्हणजे नक्की काहीतरी आहे."

आईनेच सांगितलं. उभ्याने, सगळं, एकही गोष्ट न गाळता. मी लक्ष ठेवून होते. तो ताटावर बसून ऐकत होता. संपल्यावर माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, तू पाच वर्षांची होतीस. तुझा काही संबंध नाही, कळलं?" मग आईला म्हणाला, "मी दहा वर्षांचा असताना गॅलरीतून काकूंच्या दोरीवर शाईची बाटली ओतली होती. कोणाचा तरी पांढरा सूट होता. तू मागे उभी होतीस. तू बघितलंस."

आईने जळलेला शर्ट घडी करून बाजूला ठेवला.

"मला एक फटका तरी द्यायचास," तो म्हणाला. जेवण तसंच ठेवून तो गेला.

पुढचे तीन आठवडे तो माझ्याकडे जेवला. मी रोज सकाळी आरशासमोर उभी राहून अंग तपासत होते. रिपोर्टवर विश्वास होता, पण डोळ्यांनी बघितलेलं बरं. एकविसावा दिवस गेला. एकही फोड आला नाही. त्याच आठवड्यात छोटू काकूंकडे जाऊन आला. काय झालं ते मला काकूंनी झगे देताना सांगितलं.

"शाई त्याची होती होय!" त्या म्हणाल्या. "मी तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांवर संशय घेतला होता. सतरा वर्षं त्यांना नमस्कार केला नाही मी. आता काय करू, तेवढं सांग."

छोटूला त्यांनी चहा दिला. आई माफी मागायला खाली गेली तेव्हा मात्र दार उघडलं नाही. आतूनच म्हणाल्या, "माझ्याशी बोलून काय उपयोग? ज्यांना खोटं सांगितलंस त्यांना जाऊन खरं सांग."

तेव्हाच्या बायकांपैकी बिल्डिंगमध्ये आता चौघीच उरल्या होत्या. आई एकेकीकडे गेली आणि मी तिच्याबरोबर गेले. तिला आधार द्यायला गेले असं सगळ्यांना वाटलं. खरं तर ती गोष्ट पातळ करून सांगेल अशी मला शंका होती. पहिल्याच दारात तिने सुरुवात केली, "तेव्हा जरा गैरसमज झाला होता..." मी खोकले. ती थांबली. "गैरसमज नाही," ती म्हणाली, "मी खोटं बोलले होते." पुढच्या तीन दारांत मला खोकावं लागलं नाही. एका म्हातारीला काहीच आठवत नव्हतं. तिने आम्हाला दोनदा पहिल्यापासून सांगायला लावलं, आणि आईने सांगितलं.

काकूंनी तरीही दार उघडलं नाही. अजून उघडलेलं नाही. जिन्यात समोरासमोर आल्या की आई थांबते आणि काकू भिंतीकडे बघत पुढे जातात. छोटू परत आईकडे जेवायला लागलाय, पण शर्टांना चापबटणं आता काकूंकडून लावून घेतो.

मला मुलगी झाली. आई रोज दुपारी येते. बाळ दोन तास झोपलं होतं असं ती म्हणाली की मी नवऱ्याला हळूच विचारते, खरंच का? दूध किती प्यायलं, ताप बघितला का, किती होता, सगळं दोनदा विचारते. आईला ते कळतं. ती चिडत नाही, दोनदा सांगते.

काल ती बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. बाळ मूठ चोखत होतं.

"तूही अश्शीच मूठ चोखायचीस," आई म्हणाली.

"नक्की?"

तिने लगेच तोंड उघडलं, मग मिटलं. बाळाकडे बघत तिने आठवून बघितलं.

"नाही गं," ती म्हणाली. "तो छोटू. तू अंगठा चोखायचीस."